अनुराधापूरला जायचं ठरलं होतं

सिंदी रेल्वे या गावच्या शाळेत मी इतिहास शिकवायचे. राहायला वर्ध्याला, त्यामुळे सकाळच्या पॅसेंजरने जायचं आणि संध्याकाळच्या पॅसेंजरने परत यायचं, असं नोकरीभर चाललं. लग्न केलं नाही. का केलं नाही याची मोठी कहाणी नाही. आधी आई अंथरुणाला खिळली, मग वडील थकले, आणि दोघंही गेले तोवर लोकांनी विचारणं बंद केलं होतं. भाऊ सेलूजवळ शेती करायचा, तोही आता नाही. तिथं वहिनी आणि पुतण्या आहेत. पोळ्याला आणि दिवाळीत जाऊन येते.

निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष बरं गेलं. झोप पुरी झाली, माळ्यावरचं सामान आवरलं, मोतीबिंदूचं ऑपरेशन उरकलं. दुसऱ्या वर्षी मात्र दुपार अंगावर यायला लागली. जेवण झालं, भांडी झाली, की ऊन उतरेपर्यंत रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. उन्हाळ्यात तर कूलरच्या घरघरीशिवाय घरात दुसरा आवाज नाही. कधी कधी संध्याकाळी भाजीवाल्याला भाव विचारताना लक्षात यायचं, की आज तोंडातून निघालेले हे पहिलेच शब्द. आवाज आधी खरखरायचा, मग सुटायचा.

अशात बाजूचं घर विकलं गेलं आणि तिथं सिस्टर राहायला आल्या. सरकारी दवाखान्यातून त्या नर्स म्हणून निवृत्त झाल्या होत्या. सगळी कॉलनी त्यांना सिस्टर म्हणायला लागली आणि मला तर सगळे बाईच म्हणत, म्हणून आम्हीही एकमेकींना तेच म्हणत राहिलो. त्यांचे यजमान लवकर वारले होते. एकुलता मुलगा पुण्याला कंपनीत, त्याची बायको, एक लहान मुलगी. सिस्टरांचं बोलणं मोठ्यानं असायचं. वॉर्डाच्या या टोकावरून त्या टोकाला सांगायची सवय.

पहिल्याच आठवड्यात त्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या.

"बाई, तुमच्याकडं दुपारी कोणी येते का?"

"नाही हो. कोण येणार?"

"माह्याकडंही नाई. मंग मी इकडं येत जाऊ का तुमी तिकडं येता?"

त्या इकडे यायला लागल्या. जेवण झालं की येत, चहा पिऊन जात. पहिले काही महिने आम्ही काय बोललो ते आठवत नाही. बहुतेक त्या दवाखान्यातलं सांगत आणि मी शाळेतलं. त्या चहात साखर घालायच्या नाहीत, पण गुळाचा खडा बरोबर आणायच्या. मला आठवतं ते इतकंच, की मी दुपारी घड्याळ पाहणं सोडून दिलं होतं.

त्या बौद्ध. दरवर्षी दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जात. त्या वर्षी परत आल्या त्या एक चित्र घेऊन आल्या. तिथल्या दुकानातून घेतलेलं, गुंडाळी करून पिशवीत घातलेलं. माझ्या जेवणाच्या टेबलावर त्यांनी ते उलगडलं आणि कोपऱ्यांवर चहाचे कप ठेवले. एक जुना पिंपळ, त्याच्या वाकलेल्या फांद्यांना सोनेरी टेकू दिलेले, भोवती कठडा आणि खाली पांढऱ्या कपड्यातली माणसं.

"हे अनुराधापूर. श्रीलंकेतलं," त्या म्हणाल्या. "तुमी पोरायले शिकवलं असंल ना हे?"

"शिकवलं की. सम्राटाची लेक बोधिवृक्षाची फांदी घेऊन नावेनं लंकेला गेली. ती फांदी तिथं लावली. तेच हे झाड, असं म्हणतात."

"मंग तुमी पाह्यलं काऊन नाई?"

मला हसू आलं. मी इजिप्त शिकवलं होतं, रोम शिकवलं होतं. नकाशावर छडी टेकवून नाईल नदी किती वर्षं दाखवली. पण शाळेची सहल वेरूळला गेली ती माझी सगळ्यात लांबची मजल. शिकवलेली गोष्ट जाऊन पाहायची असते असं कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"मला कोण नेणार, सिस्टर?"

"नेणार कोण म्हणजे? तुमी काय पेशंट आहा का?"

तिथून ते सुरू झालं.

मी माझा जुना नकाशांचा मोठा ग्रंथ काढला. सिस्टरांनी मोबाईलवर व्हिडिओ पाहायला सुरुवात केली. कोणी तमिळमध्ये बोलत असे, कोणी इंग्रजीत, त्यांना फरक पडायचा नाही. त्या माणसामागचा रस्ता पाहत. "इथं सावली नाई. टोपी लागंल." "हे पाहा, इथं चपला काढून राह्यले लोक. उन्हात पाय भाजतीन, मोजे घेऊ." मी पुस्तकं वाचून राजांचा क्रम लावायचे आणि त्या पायऱ्या किती उंच आहेत ते पाहायच्या.

वाटही ठरली. सेवाग्राम स्टेशनवरून चेन्नईची गाडी, तिथून विमान, तासाभरात कोलंबो. मग आगगाडीनं अनुराधापूर. जवळच मिहिंताले नावाची टेकडी आहे, तिथं लंकेचा राजा शिकारीला आला असताना त्याला भिक्खू भेटले. मग पोलोन्नरुवा, सिगिरिया, शेवटी कँडी. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे मी लंकेचा नकाशा काढला. बेट आंब्याच्या आकाराचं निघालं, आणि सिस्टर म्हणाल्या की देठ चुकीच्या बाजूला आहे. तो नकाशा फ्रिजवर चिकटवला.

भांडणंही झाली. सिगिरियाच्या खडकावर चढायचं माझ्या मनात फार होतं. एका राजानं त्या उभ्या खडकाच्या माथ्यावर महाल बांधला, बागा केल्या. सिस्टरांना त्यात काही रस नव्हता.

"बाई, मी दगडं पाहायले नाई जाऊन राह्यली. दर्शनाले जाऊन राह्यली."

"इतिहासात दगडंच पाहायची असतात."

"मंग इथं काय कमी हायेत? केळझरच्या टेकडीवर चला, तितं बसून पाहा."

दोन दिवस त्या आल्या नाहीत. मी फाटकाकडे पाहत बसायचे. तिसऱ्या दिवशी त्या आल्या, नवे बूट घालून. म्हणाल्या, "चढायचंच हाय तं सराव लागंल." तेव्हापासून सकाळी आम्ही खरंच गावाबाहेरच्या टेकडीवर जायला लागलो. साडी आणि खाली पांढरे बूट. सकाळी फिरायला येणारे लोक आधी हसले, मग सवय झाली त्यांना. एक सेवानिवृत्त साहेब रोज विचारायचे, "आज कुठपर्यंत?" सिस्टर म्हणायच्या, "आज अर्ध्या लंकेपर्यंत."

पासपोर्ट काढला. चौकशीला पोलीस आला, तरुण होता, नम्र होता. खुर्चीवर टेकून त्यानं विचारलं, "घरी अजून कोण कोण असतं?"

"मी एकटीच."

"बाहेर जाणार आहात, तर सोबत कोण?"

"या," मी म्हटलं. सिस्टर बाजूच्याच खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांनी त्याच्यापुढे चिवड्याची बशी सरकवली. त्या एका शब्दानं मला किती बरं वाटलं होतं ते आता सांगता येत नाही. इतक्या वर्षांत कुणी मला असा प्रश्न विचारला नव्हता, आणि विचारला असता तर उत्तर नव्हतं.

माघ संपता संपता निघायचं असं ठरलं. सिस्टरांनी दर्शनासाठी पांढरी सुती साडी घेतली, माझ्यासाठीही एक घेतली. आणि नेमकं तेव्हाच तिकडे बिनसलं. बातम्यांत दिसायला लागलं, पेट्रोलला रांगा, औषधं नाहीत, वीज नाही, लोक रस्त्यावर. सिस्टरांचा मुलगा फोनवर म्हणाला, "आई, हे वर्ष राहू दे. कुठं पळून नाही जाणार ते झाड." आम्हालाही पटलं. दोन हजार वर्षं उभं आहे, एक वर्ष थांबेल.

झाड थांबलं असतं. आम्ही दोघी किती थांबू हे विचारलं नाही कुणी.

ते वर्ष सिस्टरांनी पहिल्यासारखंच काढलं, निदान मला तसं वाटलं. मग बारीकसारीक गोष्टी दिसायला लागल्या. एके दिवशी त्यांनी विचारलं, "चेन्नईहून मंग कसं जायचं?" मी सांगितलं. थोड्या वेळानं पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा सांगितलं. म्हटलं, वय आहे. एकदा दूध गॅसवर ठेवून माझ्याकडे आल्या आणि भांडं जळून काळं झालं. एकदा टेकडीवरून उतरताना त्या चुकीच्या वाटेनं निघाल्या. मी हाक मारली तर थांबल्या आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्यांना उगीचच अडवते आहे.

दवाखान्यात इतकी माणसं पाहिलेली बाई. माझ्या आधी त्यांनाच कळलं होतं. एका दुपारी चहा पिताना त्यांनी कप खाली ठेवला.

"बाई, माह्यं काहीतरी सुटून राह्यलं."

"काय सुटतंय?"

"काय सुटते तेच ध्यानात राहत नाई ना." त्या थोडं हसल्या. "आमच्या वॉर्डात असे बुढे यायचे. आपल्या लेकाले भाऊ म्हणत. आमी हसत होतो मागं जाऊन."

 त्यांचा हात टेबलावर होता, त्यावर हात ठेवायला हवा होता. आमच्यात तशी सवय नव्हती. मी उठून आणखी चहा टाकला.

मुलाला कळवलं. तो आला, नागपूरला नेऊन मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. विस्मरणाचा आजार आहे, औषधानं वेग कमी होईल, थांबणार नाही, असं त्यांनी सांगितलं. मुलगा पुन्हा पुण्याला गेला, जाताना माझ्या पाया पडून म्हणाला, "बाई, थोडं लक्ष असू द्या. मी बघतो काय करायचं ते." चांगला मुलगा आहे. डोळे थेट आईचे.

त्यानंतरची एक दुपार. समोरच्या घरातली सून लोणचं मागायला आली होती. सिस्टर बसल्याच होत्या. ती सहज म्हणाली, "काय सिस्टर, केव्हा निघता मग लंकेला?"

"अवं, जाऊन आलो न आमी," सिस्टर म्हणाल्या.

मला वाटलं, गंमत करताहेत. सुनेलाही तसंच वाटलं. ती म्हणाली, "हो का? आणि सांगितलं नाही?"

"सांगतो न. ते झाड, बापा, फोटोत दिसते त्याच्याहून मोठं हाय. आमी पांढऱ्या साड्या घातल्या होत्या. फरशी अशी तापलेली, बाईचे पाय भाजले. मी म्हटलं होतं मोजे घाला, त्यायनं ऐकलं नाई. मिहिंतालेले एका बंदरानं माह्यी चप्पल नेली. मंग एका भंतेजीनं केळ देऊन सोडवली."

सून माझ्याकडे पाहत होती. मी लोणच्याची बरणी हातात धरून उभी. सिस्टरांच्या चेहऱ्यावर काहीही खोटं नव्हतं. त्या आठवून सांगत होत्या. मध्येच माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सांगा ना बाई, तुमी काऊन गप्प?"

मी म्हटलं, "फार गर्दी होती तिथं."

हे मी का म्हटलं? त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही. आणि एकदा म्हटल्यावर मग तसंच चालू राहिलं. पुढच्या दुपारी आम्ही बेत आखत नव्हतो, आठवणी काढत होतो. त्या सांगत आणि मी हो म्हणायचे. पोलोन्नरुवाची आडवी मूर्ती, तिच्या पायाशी बसून आम्ही खाल्लेला डबा, कँडीला लागलेला पाऊस. कितीतरी गोष्टी मीच त्यांना वाचून दाखवलेल्या होत्या, कितीतरी व्हिडिओतल्या, आणि काही कुठल्याच नव्हत्या. सिगिरियावर मात्र त्या म्हणत की आम्ही गेलोच नाही. "तुमचे पाय दुखत होते," असं म्हणत. आजारातही त्यांनी आपला हेका सोडला नव्हता.

त्या दुपारी वाईट नव्हत्या, खरं सांगायचं तर. फक्त सिस्टर घरी गेल्यावर घर पूर्वीपेक्षा जास्त रिकामं वाटायचं. त्यांच्याकडे एक अख्खा प्रवास होता आणि त्या प्रवासात मी होते. माझ्याकडे तो नव्हता.

पुढच्या हिवाळ्यात मुलगा त्यांना न्यायला आला. इथं एकटं ठेवणं आता शक्य नव्हतं. एकदा त्या पहाटे दवाखान्यात ड्यूटीला म्हणून निघाल्या होत्या आणि आर्वी नाक्याजवळ कुणीतरी ओळखून घरी आणून सोडलं होतं. सामान बांधायला मी गेले होते. त्यांनी स्वतः एकच बॅग भरली, चाकांची, प्रवासासाठी म्हणून घेतलेली. त्यात पांढरी साडी, मोजे, टोपी, औषधांची पिशवी. बाकी कपडे मुलानं भरले.

स्टेशनवर मी सोडायला गेले. गाडी यायला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो, मुलगा पाणी आणायला गेला होता. सिस्टरांनी इकडे तिकडे पाहिलं आणि विचारलं,

"बाई, तुमचं सामान कुठं हाय?"

मला आधी कळलंच नाही.

"गाडी येऊन राह्यली न. तुमचं सामान कुठं? पासपोर्ट घेतला?"

म्हणजे त्यांच्या मनात आम्ही अजून निघायच्याच होतो. मी म्हटलं, "तुम्ही व्हा पुढं, सिस्टर. मी मागून येते."

"नक्की?"

"नक्की."

"एकटीनं जमंल?"

"जमेल."

गाडी आली. मुलानं त्यांना खिडकीशी बसवलं. त्या काचेतून मला खुणेनं काहीतरी सांगत होत्या, बहुधा टोपी घे असं. गाडी हलली आणि मी हात वर करून उभी राहिले, डबे संपेपर्यंत. मग ऑटो करून घरी आले आणि दुपारचं जेवण केलं.

नंतरचे महिने मी कसे काढले ते लिहिण्यासारखं नाही. टेकडीवर जाणं सुटलं. बाजूच्या घराला कुलूप. फ्रिजवरचा नकाशा मी काढून ठेवला, मग पुन्हा लावला, कारण तिथं फ्रिजचा रंग वेगळा पडला होता आणि तो चौकोन जास्तच दिसायचा. रविवारी पुण्याला फोन करायचे. सुरुवातीला सिस्टर बोलत, मग नुसतं ऐकत, मग मुलगा म्हणायचा, "बाई, आज ती झोपली आहे."

पोळ्याला सेलूला गेले तेव्हा वहिनीला म्हटलं, "मी श्रीलंकेला जाते आहे."

खरं म्हणजे त्या क्षणापर्यंत मी तसं काहीच ठरवलेलं नव्हतं. बैलांसाठी केलेल्या पुरणाच्या पोळ्या वहिनी टोपल्यात ठेवत होती. तिनं हात थांबवला नाही.

"कोनासंग?"

"एकटीच."

"तिथं कोणी हाय का आपलं?"

"नाही. पाहायला जाते."

पुतण्या दारात उभा होता. तो म्हणाला, "आत्या, या वयात एकटी? काही झालं तं कोण पाह्यल तुले? जायचंच असंल तं काशीले जा, मी येतो संग." त्याच्या बोलण्यात काळजी होती, मला राग आला नाही. वहिनी काही वेळानं म्हणाली, "जाऊ दे रे. इथं तरी कोण पाहते तिले." तिला टोमणा मारायचा नव्हता. ती जे आहे ते बोलली. पण त्या रात्री सेलूहून शेवटच्या एसटीनं परतताना मी तेच वाक्य ऐकत आले.

वर्ध्याच्या बाजारात एक प्रवासी कंपनी आहे. तिथल्या मुलीनं विचारलं, "मॅम, दुसरे पॅसेंजर?" नाहीत म्हटल्यावर तिनं मान वर केली. एकट्या बाईला वेगळी खोली घ्यावी लागेल, गाडी वेगळी पडेल, त्यापेक्षा एखाद्या ग्रुपबरोबर जा, असं तिनं समजावलं. नागपूरचे काही उपासक लोक माघात जाणार होते. त्यांच्यात एक जागा होती. मी हो म्हटलं. सगळं ठरायला दहा मिनिटंही लागली नाहीत. आम्ही दोघी त्यासाठी दोन वर्षं बसलो होतो.

पण त्या ग्रुपच्या कार्यक्रमात पोलोन्नरुवाला फक्त जाता जाता थांबायचं होतं आणि सिगिरिया नव्हतंच. मी ते बदलायला सांगितलं नाही.

गेले मी. लोक चांगले होते, माझ्यासाठी जागा धरत, जेवताना बोलावत. पण सगळे जोडीनं किंवा कुटुंबानं आलेले. माझ्या खोलीत उमरेडच्या एक आजी होत्या, त्या झोपायच्या आधी घरातल्या प्रत्येकाला फोन करत. मी तोवर बाल्कनीत बसायचे.

अनुराधापूरला आम्ही सकाळी पोचलो. मी ती पांढरी साडी नेसले होते. फरशी अजून तापली नव्हती. झाड फोटोतल्यापेक्षा लहान वाटलं, किंवा फोटोत भोवतालचा परिसर येत नाही म्हणून असेल. लोक कमळं घेऊन चालत होते, कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. वाऱ्यानं पानं हलायची आणि खाली एखादं पडलं की लगेच कुणीतरी उचलून कपाळाला लावायचं. मी कठड्यापाशी उभी राहिले. इतकी वर्षं शिकवलेली गोष्ट समोर आहे, आता काहीतरी वाटेल, अशी वाट पाहिली. वाटलं ते एवढंच, की बाजूला वळून कुणाला तरी म्हणावं, "पाहिलं का?" बाजूला उमरेडच्या आजी हात जोडून डोळे मिटून उभ्या होत्या. त्यांना हाक मारली नाही.

पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. सिस्टरांच्या सुनेनं उचलला, त्यांच्या समोर धरला. त्या बारीक झाल्या होत्या, केस कापलेले. मी फोन झाडाकडे फिरवला. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं.

"हे मी पाह्यलं हाय," मग त्या म्हणाल्या. "तुमी आणखी कायले गेल्या?"

सून हसली आणि मीही हसले. मग रेंज गेली.

पोलोन्नरुवाला आमची बस थांबली ती अर्ध्या तासासाठी. एका लांबलचक कातळात बुद्धाच्या मूर्ती कोरल्या आहेत. निर्वाणाची आडवी मूर्ती आणि तिच्या डोक्याशी उभी असलेली एक दुसरी, हात छातीशी घडी घातलेले. आमच्या बरोबरच्या एका गृहस्थांनी सांगितलं, पूर्वी लोक समजत की हा शिष्य आहे, गुरू गेले म्हणून दुःखात उभा आहे. आता जाणकार म्हणतात, तसं नाही, तोही बुद्धच. हे मी वाचलं होतं, पण पाहताना मला पहिलंच खरं वाटलं. असं उभं मी माणसांना पाहिलं आहे, मयतीच्या घराबाहेर, काय करावं ते न सुचून. मी त्या मूर्तीसमोर बसून राहिले. बसच्या ड्रायव्हरनं येऊन बोलावलं तेव्हा उठले.

परत आल्यावर थेट पुण्याला गेले. सिस्टरांना भेटायचं होतं, फोटो दाखवायचे होते. त्यांचं घर वरच्या मजल्यावर, लिफ्टनं जायचं. सिस्टर बाल्कनीजवळ खुर्चीत होत्या. मी समोर जाऊन उभी राहिले तर त्यांनी नमस्कार केला, अनोळखी माणसाला करतात तसा.

"आई, बाई आल्यात," सून म्हणाली. "वर्ध्याच्या."

"बसा," त्या म्हणाल्या. आवाजही लहान झाला होता.

मी बाजूला बसून एकेक फोटो दाखवायला लागले. झाड, पांढरा स्तूप, पायऱ्या, माकडं. त्या नीट पाहत होत्या, ज्या लक्षानं त्या एके काळी पेशंटचा कागद पाहत असतील त्या लक्षानं. मला वाटत होतं, आता त्या म्हणतील, हो, इथंच माझी चप्पल गेली. मी माकडाच्या फोटोवर मुद्दाम थांबले. त्या काही म्हणाल्या नाहीत. तो प्रवासही आता त्यांच्याकडे नव्हता.

एका फोटोत मी स्वतः होते, झाडाच्या कठड्यापाशी, कुणाकडून तरी काढून घेतलेला. त्यांनी त्यावर बोट ठेवलं.

"ह्या तुमी?"

"हो."

"तुमच्या संग कोण हाय?"

मी फोटोकडे पाहिलं. मागे बरीच माणसं होती, सगळी पांढऱ्या कपड्यात.

"कोणी नाही. एकटीच गेले होते."

"भेव नाई वाटलं?"

"वाटलं थोडं."

त्यांनी मान हलवली, समजल्यासारखी. मग बराच वेळ त्या बाहेर पाहत बसल्या. खाली मुलं खेळत होती. थोड्या वेळानं त्यांना डुलकी लागली. मी त्यांच्या पायांवर चादर ओढली, चहा घेतला, सुनेशी त्यांच्या औषधांचं बोलले. नात शाळेतून आली आणि ओळख नसतानाही मला "आजी" म्हणून बिस्किट देऊन गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं निघाले. सुनेनं डबा दिला होता. दौंडच्या पुढे ऊन खिडकीवर आलं, तसं समोरच्या बाईंनी पडदा ओढून घेतला आणि कुठं उतरणार म्हणून विचारलं. वर्ध्याला, म्हटलं. त्यांची लेक बडनेऱ्याला दिली होती, बाळंतपणाला चालल्या होत्या. पहिलंच बाळंतपण, जीव खालीवर होत होता त्यांचा. त्या लेकीविषयी सांगत राहिल्या, आणि मी ऐकत गेले.